दोघांनीही काट्यावर उभं राहायचं

देवरुखहून सकाळी सुटलेल्या एसटीत तिघांच्या बाकावर मी आणि सुनंदा असे दोघंच बसलो होतो. संगमेश्वरला चढलेल्या एका गृहस्थांनी उरलेल्या जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि चिपळूणपर्यंत उभ्यानं जाणं पसंत केलं.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. गिरगावातल्या एक डॉक्टरीणबाई शरीराबाहेर गर्भ तयार करायचा नवा उपचार करतात, असं कळलं होतं. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही निघालो. मी शाळामास्तर. माझ्या समजुतीप्रमाणे पेशंट सुनंदा होती. मी बॅगा उचलायला चाललो होतो.

मुक्काम लालबागला, सुनंदाच्या मावशींच्या चाळीतल्या खोलीत. मावशींचे यजमान, काका, गिरणीत साचेवाले (मागावर कापड विणणारे) होते. संपानंतर त्यांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. तेव्हापासून घर मावशींच्या खाणावळीवर चाललं होतं. जावई आला म्हणून पहिल्याच संध्याकाळी कोंबडी-वडे झाले. सात वडे मी भुकेपोटी खाल्ले आणि आठवा मावशींचा मान राखायला.

दुसऱ्या दिवशी बसनं गिरगाव गाठलं. डॉक्टरीणबाईंनी आधी सुनंदाला वजनाच्या काट्यावर उभं केलं. काटा अठ्ठ्याहत्तरवर थांबला. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

"मास्तर, आता तुम्ही."

"मी? मी सोबत आलोय."

"मूल एकट्या यांचंच असणार आहे का?"

मी चढलो. काटा शंभराच्या पुढे जाऊन बराच वेळ थरथरत राहिला.

बाईंनी समजावून सांगितलं. वजन फार असलं की औषधं जास्त लागतात, बीजं हवी तशी तयार होत नाहीत, गर्भ रुजला तरी टिकायला अडचण येऊ शकते. पुरुषाच्या वजनाचाही परिणाम होतो. "वजन उतरवलंत तर मूल होईलच, असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या, "पण शक्यता वाढेल. दिवाळीत या." चार दिवसांनी माझ्या तपासणीचा कागद आला. त्यात माझी बाजू सुनंदापेक्षाही लंगडी निघाली.

सुनंदाचं वजन उपासांनी वाढलं होतं. मूल व्हावं म्हणून तिनं नऊ वर्षं सोमवार धरले आणि दर सोमवारी साबुदाण्याची खिचडी खाल्ली. मी उपास करत नसे. खिचडीत मात्र साथ देत असे.

सुट्टी संपेपर्यंत लालबागलाच राहून सुरुवात करायची ठरली. काकांनी मला ताब्यात घेतलं. रोज सकाळी लालबागहून परळमार्गे दादरपर्यंत चालत. ते सडसडीत, पुढे झपाझप चालायचे, मी मागून धापा टाकत. परळला एका गिरणीच्या बंद फाटकापाशी ते हटकून थांबत.

"काका, इथं का थांबायचं?"

"काय नाय. माझी पाळी हितनं सुरू व्हायची."

मी रुमालानं मान पुसली. माझ्या पोटाकडे पाहून ते हसले. "जावईबापू, आमचं वजन संपानं उतरवलं. तुम्हाला डॉक्टर लागला."

त्या दिवशी माझ्या पोटाची मला पहिल्यांदा लाज वाटली. ती चार दिवस टिकली.

पाचव्या दिवशी दादरला काका ओळखीच्या माणसाशी बोलत उभे राहिले आणि मी हळूच पलीकडच्या वडेवाल्याकडे सटकलो. पहिला वडा संपवून दुसरा तोंडात घातला, तोच समोर सुनंदा. मावशींबरोबर भाजीला आली होती. मी काही बोलायचा प्रयत्न केला, पण वडा गरम होता.

ती ओरडली नाही. "नऊ वर्षं मी तुमच्या आईंची बोलणी खाल्ली," ती म्हणाली. "ती पचवली. तुम्हाला एक वडा सोडवत नाही?"

मावशी उगाचच मेथीची जुडी चाचपत राहिल्या. गावात लोक सुनंदाला काय काय बोलतात ते मला ठाऊक होतं, आणि प्रत्येक वेळी मी वर्तमानपत्रात डोकं घालून बसलो होतो. तो वडा मी गिळला. त्यानंतर मात्र हात लावला नाही.

मसाला कुटायच्या दुकानात गोण्या तोलायचा काटा होता. दर रविवारी मावशी आम्हाला त्यावर उभं करत. मिरचीच्या खकाण्यानं मला शिंका यायच्या आणि काटा उड्या मारायचा. "मास्तर, शिंकून वजन उतरत नाय," दुकानदार म्हणायचा. पण उतरत होतं. गावी परतल्यावरही आम्ही चालत राहिलो. दिवाळीपर्यंत सुनंदाचं दहा किलो उतरलं आणि माझं सोळा.

दिवाळीत गिरगावात उपचार झाला. दोन आठवडे लालबागला आम्ही हलक्या आवाजात बोलत काढले. गर्भ रुजला नाही.

"मी उपचाराच्या आदल्या दिवशी एक करंजी खाल्ली होती," सुनंदा डॉक्टरीणबाईंना म्हणाली.

"करंजीनं काही झालेलं नाही. सगळं नीट करूनही पहिल्या खेपेला अपयश येतं. आता तुमची दोघांची तयारी चांगली आहे. पुन्हा करू."

परतीच्या एसटीत आमच्या बाकावर तिसरा माणूस सहज बसला. एरवी मी या गोष्टीचा गावभर गाजावाजा केला असता.

घरी आई ओटीवर वाट पाहत होती. सुनंदाच्या चेहऱ्यावरून तिला कळलं. "आता काय निघालं हिच्यात?" तिनं विचारलं.

सुनंदा खाली मान घालून आत निघाली होती. मी तिला हात धरून थांबवलं.

"हिच्यातलं थोडं, माझ्यातलं जास्त," मी म्हणालो. "मे महिन्यातच कळलं होतं, आई. तुला सांगायचं धाडस झालं नाही."

आई उठली, आत गेली आणि तिथूनच हाक मारली, "सुनंदा, हातपाय धू. तुझं पान वाढतेय."

त्या घरात सुनंदा माझ्याआधी जेवायला बसल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. मी ओटीवर बसून राहिलो. मला कोणी बोलावलं नाही, आणि भूक असूनही मी हाक मारली नाही.