ताईच्या सासऱ्यांचा पूल

साऱ्या मुंबईत जेवढा म्हणून संशय आहे, त्यातला निम्मा एकट्या आमच्या ताईच्या सासऱ्यांकडे होता. आणि उरलेला निम्मा लोकांनी कुठेतरी दडवून ठेवलाय, असा त्यांना संशय होता. उभी हयात त्यांनी लालबागच्या एका गिरणीच्या गेटवर जमादारकी केली. पाळी सुटली की बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची कंबर चाचपायची, डबा उघडून बघायचा, कोणी धोतरात सुताची लड गुंडाळून नेत नाही ना ते बघायचं. संपात गिरणी बंद पडली, कामगार चहूकडे पांगले, पण ह्या माणसाचा हात काही थांबला नाही. गेट गेलं तर गेलं, त्यांनी सगळ्या जगाचीच झडती घ्यायला सुरुवात केली. कांजूरमार्गला नाल्याकाठच्या ज्या बैठ्या चाळीत ते राहायचे, तिथे त्यांना नावाने कोणी ओळखायचंच नाही. जमादार म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवायचं.

ताईला बघायला आले तेव्हाची गोष्ट. आमच्या वाकोल्याच्या खोलीत शिरल्या शिरल्या त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून विचारलं, ‘‘हे तुमचंच, की शेजाऱ्यांचं?’’ आता खुर्च्या आम्ही खरोखरच शेजाऱ्यांच्या आणल्या होत्या, त्यामुळे वडिलांना दरदरून घाम फुटला. घड्याळ मात्र आमचं. पण सांगून ऐकतील तर शपथ! उठले, घड्याळ जरा बाजूला सरकवलं आणि मागची भिंत न्याहाळली. घड्याळाच्या आकाराचा तेवढाच तुकडा पांढरा होता, बाकीची भिंत धुराने काळवंडलेली. ‘‘जुना आसा,’’ ते बायकोला म्हणाले आणि माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. मुलीला त्यांनी फारसं काही विचारलं नाही.

पुढे मी रविवारी ताईकडे जायला लागलो. दारात पाऊल टाकतोय तोच प्रश्न यायचा, ‘‘कशाला आलास?’’ मी म्हणायचो, सहज. ‘‘सहज कोण येत नाही,’’ असं म्हणत ते माझी पिशवी बाहेरूनच दाबून बघायचे. आईने लाडू पाठवले की डबा हातात धरून विचारात पडायचे. लाडू का? सणवार नाही, बारसं नाही, मग लाडू का? एक लाडू ते मला खायला लावायचे, मी जिवंत राहतो का ते बघायला नव्हे, तर माझा चेहरा बघायला. आरेच्या दुधाच्या बाटल्यांची बुचं केंद्रावरच्या बाईसमोर एकेक वाकवून बघून झाली, तरी समाधान होईना, तेव्हा एके दिवशी बसमध्ये बसून हे गृहस्थ थेट आरे कॉलनीत गेले. का? तर म्हशी खरंच आहेत की नाहीत हे बघायला! संध्याकाळी परतले ते गप्प. ताईने विचारलं, ‘‘मग, होत्या का?’’ म्हणाले, ‘‘म्हशी आसत गो. पण दाखवूच्यो म्हशी येगळ्यो आसतल्यो.’’

पण त्यांचा खरा, मुरलेला, सायीसारखा जाड संशय राखून ठेवलेला होता तो महापालिकेसाठी. तिच्याबद्दल त्यांनी एक सिद्धान्तच मांडला होता. पालिका मागितलेलं देत नाही. चाळीने नळ मागितला, तर दिव्याचे खांब आले. पलीकडच्या वस्तीने दिवे मागितले, तर तिकडे संडास बांधून झाले. त्यापलीकडच्यांनी संडास मागितले, तर त्यांना बसायला सिमेंटचा बाक मिळाला. ‘‘बघ,’’ मला बाजूला घेऊन ते सांगायचे, ‘‘मागितलेलं दिलं तर आपलं चाललं असं लोकांना वाटेल. म्हणून दुसरंच द्यायचं. साहेब लोकांची जुनी चाल आहे ही.’’ मी हसायचो, पण खरं सांगू? नळ, दिवे, संडास आणि बाक हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत तसंच झालेलं होतं. त्यामुळे मलाही रस्त्यात कुठे खड्डा खणलेला दिसला की मनात पाल चुकचुकायला लागली.

चाळीलगत पालिकेची शाळा होती, चौथीपर्यंत. तिथल्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, हाडाच्या शिक्षिका. त्यांचा एकच धोशा होता, आणखी खोल्या बांधून द्या, मी इथेच सातवीपर्यंत वर्ग काढते. कारण चौथीनंतरची शाळा नाल्यापलीकडे, वर भरधाव ट्रकांचा मोठा रस्ता ओलांडून. मुलगे जायचे कसेबसे, लांबून वळसा घालून. मुलींची शाळा चौथीतच संपायची. ताईची लेक तेव्हा चौथीत होती, आणि आजोबांचा जगात कुणावर विश्वास असेल तर तो त्या पोरीवर. तोही ती झोपलेली असताना.

अशात नवा नगरसेवक निवडून आला. पोरगेलासा, इस्त्रीचा सदरा, बोलणं गोड. म्हणजे संशयाला सगळीकडून वाव. त्याने चाळीच्या पटांगणात सभा घेतली आणि सरळच सांगितलं, ‘‘मास्तरांच्या पगाराचा पैसा वेगळा आणि विटासिमेंटचा पैसा वेगळा. विटासिमेंटमधून आपल्या वाट्याला यंदा एकच काम येईल. शाळेच्या खोल्या, नाहीतर नाल्यावरचा पूल. दोन्ही लागतात, मला ठाऊक आहे. पण एकच. परवा पुन्हा येतो, तुम्ही हात वर करून सांगा, तेच होईल.’’

‘‘तेच होईल?’’ ताईच्या सासऱ्यांनी रात्रीचं जेवणसुद्धा नीट घेतलं नाही. ‘‘असं कधी कोण म्हणतं का? पोरगा पोचलेला आहे.’’ दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून ते दारोदार फिरले. सगळ्यांना एकच मंत्र. आपल्याला हव्या खोल्या ना? मग हात पुलासाठी वर करा! खोल्या मागाल तर पूल गळ्यात मारतील, पूल मागा, खोल्या आपोआप येतील. कुणी म्हणालं, ‘‘जमादार, वाट लागेल हां.’’ तर त्याला ते नळ आणि दिव्यांची आठवण करून द्यायचे, की तो गार. शेजारी एक कोळीण राहायची, खाडीवरची मासळी विकायची. तिची मुलगी नातीच्याच वर्गात. ती म्हणाली, ‘‘मना काय कललं नाय जमादार, पन तुमी सांगताव त हात करीन.’’ फक्त मोठ्या बाईंना सांगायचं त्यांनी टाळलं. शिकलेली बाई, चेहऱ्यावरून बिंग फुटेल, असा त्यांचा संशय.

सभेला मी होतो. नगरसेवकाने विचारलं, शाळेच्या खोल्या कुणाला हव्यात? पटांगणात एकच हात वर गेला, मोठ्या बाईंचा. मग विचारलं, पूल? आणि सगळी चाळ हात वर करून उभी राहिली, म्हाताऱ्या, बाया, कडेवरच्या पोरांचे हातसुद्धा आयांनी धरून वर केले. मोठ्या बाई वळून बघायला लागल्या. ज्यांच्या मुलींसाठी त्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होत्या, त्यांचेच हे हात. तेवढ्यात ताईच्या सासऱ्यांनी त्यांना धीर द्यावा म्हणून लांबूनच एक डोळा मिचकावला. बाईंनी पदर खांद्यावर ओढला आणि तरातरा निघून गेल्या.

तो पोरगा खरा निघाला हो! काय करता? मुंबईच्या इतिहासात कधी नव्हे तो एक माणूस बोलल्याप्रमाणे वागला, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. खडी पडली तेव्हा ताईचे सासरे म्हणाले, ‘‘दाखवायला टाकलीय.’’ खांब उभे राहिले तेव्हा म्हणाले, ‘‘खांबावर थांबवतील.’’ स्लॅब पडला तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते शाळेच्या दिशेला बघत होते, तिकडून एखादा विटांचा ट्रक येतोय का म्हणून. उद्‌घाटनाला नगरसेवकाने भाषण केलं आणि पुलासाठी सगळी चाळ एक करणारे म्हणून मोठ्या प्रेमाने ह्यांच्या गळ्यात हार घातला. टाळ्या पडल्या. हार घालून फाशीच्या कैद्यासारखा उभा राहिलेला माणूस मी तेवढा एकच बघितला. मला हसू आवरेना, आणि त्याच वेळी त्यांचा चेहरा बघवेना.

पूल चांगलाच झाला होता, खोटं का बोला. बाजारहाट सोपा झाला, दवाखाना जवळ आला. पण पुलापलीकडे तो मोठा रस्ता होताच, आणि मुलींना तो ओलांडून द्यायला कुणाच्या घरी वेळ होता? जूनमध्ये पाचवीला जायच्या मुली घरातच बसल्या. तेव्हा एके सकाळी ताईच्या सासऱ्यांनी नातीचं दप्तर खांद्याला लावलं आणि दारोदार जाऊन पोरी गोळा केल्या. तेच दरवाजे, तीच माणसं. ह्या खेपेला युक्ती नव्हती. नुसतं म्हणायचे, ‘‘मी नेतो, मी आणतो.’’ रस्त्यात मधोमध उभे राहून दोन्ही हात पसरायचे आणि ट्रकवाल्यांना अशा काही शिव्या घालायचे की पोरी रस्ता ओलांडायचं सोडून ऐकत राहायच्या. थांबलेला ट्रक खरंच थांबलाय यावर त्यांचा विश्वास नसायचा. शेवटची पोर पलीकडे जाईपर्यंत ते ड्रायव्हरच्या डोळ्यांत डोळे घालून उभे. दुपारी शाळेच्या भिंतीला टेकून बसायचे, आणि सुटली की पुन्हा तेच.

कोळणीची मुलगी तेवढी आली नाही. तिला आईने मासळीच्या पाटीशी बसवलं होतं, बर्फ फोडायला आणि सुटे पैसे द्यायला. ते तिला आणायला बाजारात गेले, तेव्हा मी बरोबर होतो. कोळीण भांडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, ‘‘जमादार, दुपारचे घरा माजे कोन नाय. शाला हितं दाराशी आसती त धारली आसती. आता तुमी पाय मोडून किती दीस न्याल?’’ मुलगी मान खाली घालून बर्फ फोडत होती, आणि हाताला गार लागलं की बोटं परकराला पुसत होती. जन्मात पहिल्यांदा त्यांनी कुणाचं म्हणणं ऐकलं आणि त्यात काहीही काळंबेरं शोधलं नाही.

परत येताना पुलाच्या मध्यावर ते थांबले. खाली नाला, समोर शाळेची कौलं दिसत होती. कठड्याला हात लावून बराच वेळ उभे होते. मला वाटलं, सिमेंट तपासतायत. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘त्या पोरीचा वाटोळा मी केलंय काय रे?’’

‘‘नाही हो काका,’’ मी म्हटलं. ‘‘हात सगळ्यांनीच वर केले होते. तुम्ही एकटे कसे जबाबदार?’’

त्यांनी वळून माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघितलं. इतकं जवळून, इतकं थकून त्यांनी मला कधी बघितलं नव्हतं.

‘‘खोटा बोलतंस,’’ ते म्हणाले. आणि जरा वेळाने, अगदी हळू, ‘‘परत एकदा बोल.’’

मी परत एकदा म्हटलं.