बारुख हशेम म्हणणाऱ्या बाळंतिणी

इस्रायलमधल्या बेर्शेबाच्या प्रसूतिवॉर्डात अर्धा जन्म सुईणपण केलं. किस्से जमवायला कुठे जावं लागलं नाही. ड्यूटी संपली, सुजलेले पाय समोरच्या खुर्चीवर टाकले, की एकेक आपोआप आठवतो. हसू येतं, पण खरं सांगू? आता हसायचाही कंटाळा येतो! हे सगळे सत्तरच्या दशकातले.

*

तेल अविवहून एक तरुण डॉक्टरीण आमच्याकडे आली. आल्या आल्या तिने सगळ्या सुइणींना जमवून लेक्चर दिलं. बाळंतपणानंतर काही बायकांचं मन खचतं, तो आजार असतो, नाटक नव्हे. तेव्हा प्रत्येकीला विचारा, "मन कसं आहे?"

आमची हेड सुईण झहावा, मूळची रुमानियाची. लागोपाठ दोन ड्यूट्या करून भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "बाई, रडू तर मलाही येतं. मला कोण विचारतं?"

डॉक्टरीण खरंच भली. झहावासमोर खुर्ची ओढून बसली. "मी विचारते. झहावा, मन कसं आहे?"

झहावा दचकली. "बारुख हशेम!" म्हणाली आणि उठून चहा टाकायला गेली.

*

बारुख हशेम, म्हणजे देवाची कृपा. आमच्या देशात 'कशी आहेस' विचारलं की हेच उत्तर, मग घर जळत का असेना! मोरोक्कोची असो, इराकची असो की आमची कोकणातली, आम्ही खाटेखाटेशी जाऊन विचारायचं आणि प्रत्येकीने तेच म्हणायचं. एकीची तर उशी रडून भिजली होती. मी विचारलं तशी तिने नाक पुसलं, "बारुख हशेम" म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली.

डॉक्टरीण म्हणाली, "दीना, सगळ्याच ठीक?"

"तुमच्या प्रश्नापुरत्या ठीक," मी म्हटलं.

*

मग गरोदर बायकांचे वर्ग निघाले. आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी ज्यू बायकांचा वर्ग माझ्या गळ्यात. नवऱ्यांना बोलावलं होतं, आल्या सासवा! सुना हिब्रूत विचारायच्या, सासवा मराठीत दटावायच्या, आणि मधे मी.

मी सांगितलं, "बाळंतीण उगाच रडायला लागली तर रागावू नका. आम्हांला कळवा."

अलिबागकडच्या रिबकाबाई पुढेच बसल्या होत्या. शेजारी त्यांची सून सारा, कारखान्यातली पाळी करून आलेली, पेंगत होती. रिबकाबाई म्हणाल्या, "आमच्या टायमाला असलं काय नव्हतं गो! पोर झालं की उठायचं नि भाकऱ्या थापायच्या. मनबिन कुठून काढलंस?"

सगळ्या सासवांनी माना डोलावल्या. सुना खाली बघत राहिल्या. पुढे कुणी माझं ऐकलं नाही, आणलेल्या करंज्या तेवढ्या संपल्या.

*

साराला मुलगा झाला. ती त्याला हातात घेईना. मला हळूच म्हणाली, "दीनाताई, हा माझ्या हातून पडेल. ह्याला दुसऱ्या कुणाला द्या ना."

अशी बाई तशीच घरी गेली की पुढे काय होऊ शकतं, ते मी पाहिलं होतं. मी रिबकाबाईंना म्हटलं, "डॉक्टरणीला दाखवू या."

"माझ्या सुनेला वेडी ठरवतेस? दृष्ट लागलीय तिला!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मीठ-मिरच्या साराच्या अंगावरून ओवाळल्या आणि आमच्या चहाच्या शेगडीवर टाकल्या. अख्खा वॉर्ड खोकायला लागला! झहावा पाण्याची बादली घेऊन धावली. शेजारच्या खाटेवरची मोरोक्कोची बाई खोकत खोकत म्हणाली, "माझीपण काढा!"

एकट्या रिबकाबाईंचा चेहरा उतरला. दृष्ट असली की मिरच्यांचा ठसका लागत नाही. इथे तर सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी.

"मग हिला झालंय तरी काय?" त्या मलाच विचारायला लागल्या.

*

सारा घरी गेली, पण पोराला घेणं नाही, बोलणं नाही. शेवटी मी हट्टच धरला. रिबकाबाई कबूल झाल्या, पण एका अटीवर. "मी पण येणार. हिला काय झालेलं नाय, हे मीच सांगते त्या डॉक्टरणीला."

बाळाला घेऊन साराचा नवरा बाहेर बाकावर थांबला. आम्ही तिघी आत गेलो.

डॉक्टरणीने साराला हिब्रूत विचारलं. सारा फरशीकडे बघत राहिली. पुन्हा विचारलं.

रिबकाबाईंनी मला कोपराने ढोसलं. "काय विचारते ती?"

"विचारते, हे असं कधीपासून वाटतंय? पोराला जवळ घ्यावंसं वाटत नाही, जीव नकोसा होतो, ते."

रिबकाबाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "सांग तिला. बिन्यामिन झाला तेव्हापासून."

मी हिब्रूत सांगितलं.

डॉक्टरणीने लिहायला पेन उचललं. "बाळाचं नाव बिन्यामिन का?"

साराने मान वर केली आणि सासूकडे बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याचं."