झेंड्याआबांची हजेरी

सकाळी सातच्या सुमारास झेंड्याआबा आमच्या ओट्याखाली येऊन उभे राहत. चपला लांब काढलेल्या, पागोटं काखेत. मग ताठ होऊन म्हणत, "झेंड्या, बाप लखमा, फासेपारधी. घरात माणसं सात, भाईर कुणी न्हाय. हजर हाय." माझ्या तोंडात मंजन असलं तरी मान हलवावी लागे. मान हलली की आबा पागोटं बांधून चालू लागत.

माझे वडील पळसदेवचे पोलीस पाटील होते. इंग्रजांनी पारध्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा कायदा केला होता. त्या कायद्याने आबांच्या बिऱ्हाडाने रोज चावडीवर हजेरी द्यायची आणि शीव ओलांडायची तर पास घ्यायचा. "आमच्यात पोर जल्माला आलं की आदी चावडीत नाव लागायचं, मंग पाळण्यात," आबा हसत हसत सांगत. बावन्न साली कायदा गेला. पुढे जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलं, त्यात चावडीही गेली. मग वडीलही गेले. हजेरी तेवढी नव्या गावठाणात, आमच्या ओट्यावर चालू राहिली.

मी शाळामास्तर, त्यात नागरिकशास्त्र शिकवणारा. ब्याण्णव सालच्या पंधरा ऑगस्टला झेंडावंदन करून, भाषण ठोकून घरी आलो, तर त्या दिवशी उशीर झालेले आबा ओट्याखाली उभे. भाषणाचा जोर अजून ओसरला नव्हता. म्हणालो, "आबा, तुम्ही आणि मी सारखेच नागरिक. तो कायदा गेला. उद्यापासून यायचं नाही."

"कायदा गेला म्हंता?"

"चाळीस वर्षं झाली."

"आसंल. पर फौजदाराला कुणी सांगितलं का?"

मला तो विनोद वाटला. घरात जाऊन बायकोला सांगून मी हसलोसुद्धा.

"यायचं न्हाय तर न्हाय. तुमचा हुकूम," म्हणून आबा गेले. एका माणसाला मी स्वातंत्र्य बहाल केलं होतं, तेही हुकूम सोडून.

पाचव्या दिवशी आमच्या भावकीतल्या एका बागाईतदाराची पाण्याकाठची मोटर सकाळी सातच्या सुमारास गायब झाली. जीप आली ती थेट पारध्यांच्या पालांवर. आबांचा मुलगा सर्जा चूल पेटवत होता, त्याला तसाच उचलला. आबा धावत माझ्याकडे आले. मी त्यांना सायकलवर डबल सीट घेऊन ठाण्यात पोचलो.

फौजदारांनी विचारलं, "सकाळी सातला कुठं होता हा? कुणी बघितलाय?"

"मी," मी म्हणालो. "बापलेक दोघंही माझ्या ओट्यावर हजेरीला होते. रोज येतात."

जन्मात पहिल्यांदा मी ठाण्यात खोटं बोलत होतो आणि बरं जमतही होतं. फौजदारांनी "सोडा रे" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आबा पुढे झाले.

"न्हाय सायेब. चार दिस झालं, हजेरी बंद हाय. गुरुजींनीच बंद केली."

ठाण्यातला एकच जन्मजात गुन्हेगार, आणि खरं बोलणाराही तो एकच. सर्जा आत गेला. बाहेर आल्यावर मी आबांवर चिडलो, "सुटत होता की हो पोरगा!"

"गुरुजी, हजेरी म्या कवा खोटी दिली न्हाय. येक खोटी घावली की मागल्या समद्या खोट्या हुत्यात. मंग उद्या कुणाच्या तोंडावर सुटायचं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हातारा गुलामीची सवय जपतोय असं मी धरून चाललो होतो. तो साक्षीदार जपत होता. रोज सकाळी एका पांढरपेशा माणसाने त्याला गावात पाहिलेलं असावं, एवढीच ती हजेरी. मला माझी लाज वाटली, ती अजून वाटते.

आठ दिवसांनी मोटर सापडली. बागाईतदाराच्या धाकट्या भावानेच ती वाइंडिंगला बारामतीला नेली होती; दोघांत अबोला, म्हणून सांगायचं राहिलं. सर्जा लंगडत घरी आला. फौजदारांनी ह्याला 'गैरसमज' म्हटलं. मोटर मात्र आता झकास चालते, असं बागाईतदार मला आवर्जून सांगून गेले.

दुसऱ्या दिवशी सातला बापलेक ओट्याखाली हजर. मी शाळेतलं कोरं हजेरीपत्रक आणलं, तारीख घातली, नावं लिहिली, अंगठे घेतले. मग रविवार नाही, दिवाळी नाही. एकदा मी प्रशिक्षणाला बारामतीला निघालो, तर आबा म्हणाले, "पास घेतला का गुरुजी?" आणि बोळक्या तोंडाने कितीतरी वेळ हसत राहिले.

सत्त्याण्णवच्या थंडीत एका सकाळी सर्जा एकटाच आला. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाची रंगवलेली कमान अजून शाळेपुढे उभी होती.

"आबा पाटं गेलं," तो म्हणाला.

मी चपला शोधू लागलो.

"चला, पर आदी वही काडा गुरुजी."

मी आबांच्या नावावर रेघ मारली. सर्जाने डोक्याचा गमजा काढून काखेत धरला आणि दुखऱ्या पायावर जमेल तेवढा ताठ झाला.

"सर्जा, बाप झेंड्या, फासेपारधी. घरात माणसं सहा, भाईर कुणी न्हाय. हजर हाय."

मी मान हलवली.