नसीमला न सांगितलेलं औषध

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, माहेरी आईजवळही नाही — आणि मी तर गावाची आशाताई, बोलणं हेच माझं काम. कुणाला दिवस गेले, कुणाचं बाळ लसीवाचून राहिलं, सगळं तोंडपाठ. एवढं एकच गिळून बसले आहे.

आधी आबांबद्दल सांगते. आबा माझे सासरे. नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर — लाल मिरची वाळवायला पसरतात ते मोठं मोकळं रान — तिथे मुकादम. लाघवी माणूस. मला स्कूटी त्यांनीच शिकवली. मी ती बाभळीत घातली तर हसत म्हणाले, बाभूळ वाचली हे महत्त्वाचं. असा सासरा मिळायला नशीब लागतं.

पथारीवर प्रत्येकाला ठसका, म्हणून प्रत्येकाच्या खिशात खोकल्याच्या औषधाची बाटली. तिचं व्यसन लागतं, हे आमच्याकडे कुणाच्या मनात तरी कसं यावं? दारूला वास येतो, माणूस झुलतो. हा तर बिचारा खोकतोय. आबा दिवसाला चार बाटल्या रिचवायला लागले, तरी मी — शिकलेली, छातीवर बिल्ला लावणारी — त्यांना आल्याचा चहा करून देत होते.

मग एकदा बाटली मिळाली नाही आणि आबा अंगणात पाय पोटाशी घेऊन थरथरत पडले. तेव्हा कळलं. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, तर यावर उपचार होता. जिभेखाली ठेवायची गोळी, ठरलेल्या दिवशी खेप, आणि एक मॅडम — त्या मिरचीच्या गप्पा मारता मारता आबांना बोलतं करायच्या. काही महिन्यांत आबा पुन्हा आबा झाले. मला किती आनंद झाला म्हणून सांगू?

गावात मात्र आम्ही सांगितलं, डोळे तपासायला जातो.

नणंदेची सोयरीक चालली होती, शहाद्याकडे. आमच्याकडे पाहुणे मुलगी बघतात ती घरात, पण घर बघतात ते पारावर, दुकानात, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे कारण खरं होतं — पण तेवढंच नव्हतं. आशाताईच्याच घरात व्यसन, असं कुणी म्हटलेलं मला सोसलं नसतं.

शेजारी नसीम. भिंतीला भिंत. माझ्या दोन्ही बाळंतपणांत पहिलं न्हाऊ तिनं घातलं. तिचा नवरा रफिक आबांच्याच हाताखाली पोती उचलायचा, आणि खिशात तीच बाटली. आबा मला म्हणायचे, "रफिकले बी संगे ली जाऊत." मी म्हणायचे, आधी लग्न होऊ द्या. सुनेचा शब्द त्यांनी कधी मोडला नाही — त्यांचा हा चांगुलपणाही मी वापरून घेतला.

एका दुपारी ओट्यावर आम्ही दोघी शेंगा सोलत होतो. नसीमनं सरळ विचारलं, "सुनंदा, आबास्नी बाटली कशी सुटनी? काही औषध शे का?"

म्हणजे तिला कळलेलंच होतं. मग लपवायचं तरी काय राहिलं होतं?

मी म्हणाले, औषध नसतं गं याला. आबांनी मन घट्ट केलं. तीन दिवस स्वतःला कोंडून घेतलं, सुटली.

इतकं सफाईनं बोलले की मलाच नवल वाटलं. तिला ते खरं वाटलं — का वाटू नये? तिच्या पोरांना पोलिओचे थेंब मीच पाजले होते.

तिनं रफिकला कोंडलं. तीन नाही, पाच दिवस. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. तो ओकायचा, कण्हायचा, आणि नसीम दाराशी बसून त्याला समजवायची — मन घट्ट कर, आबांसारखं. मी भाकरी थापत ऐकत राहायचे. उठून गेले असते तर दहा पावलं होती.

रफिक बाहेर आला, महिनाभर बरा दिसला. नसीमनं मला कळण्याच्या — ज्वारी-उडदाच्या — भाकरी आणि ठेचा आणून दिला. मग तो सुरतेला कामाला गेला, आणि तिथे एक दिवस जुन्याच मापानं बाटल्या प्याला. सुटलेल्या शरीराला जुनं माप सोसत नाही, हे मॅडमनी आबांच्या वेळीच मला बजावलं होतं. सुरतेहून त्याची मय्यत आली. नणंदेचं लग्न ठरल्या तारखेला झालं.

आता तो उपचार आमच्या उपकेंद्रात आला आहे. दर गुरुवारी मॅडम येतात. मी घरोघर फिरते आणि पहिलं वाक्य हेच म्हणते — याला औषध आहे. नसीम हौसेनं माझ्याबरोबर येते. तिच्याइतकं पोटतिडकीनं मला बोलता येत नाही.

परवा बायकांच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, हे आधी का नव्हतं? मी तोंड उघडायच्या आत नसीम उठली. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तवय हाई औषध ऱ्हातं ना, तं सुनंदा सगळास्ना पहिले माले सांगती."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी मान हलवली — हो म्हणून.