बल्ब मंदावेपर्यंत

परवा उल्हासनगरमध्ये दुरुस्तीच्या एका दुकानासमोरून जाताना सोल्डरिंगचा वास आला आणि शिरगावच्या आमच्या घरातली ती दुपार आठवली. आजारपणानंतर माझ्या नवऱ्याच्या हातांना कंप सुटला होता. तरी गिटारसाठी, जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह असलेला अ‍ॅम्प्लिफायर सुट्या भागांतून स्वतःच जोडायचा, हा त्याचा हट्ट होता. जेवणाच्या टेबलावर बसून त्याने सगळ्या तारा जोडल्या, "मी धरू का?" विचारलं की मानेनेच नको म्हणायचा. पहिल्यांदा वीज द्यायची ती एका बल्बमधून. जोडणी चुकली असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो, बरोबर असेल तर मंदावतो. त्याने बटण दाबलं, बल्ब भडकला आणि मी घाबरून प्लगच उपटला. "अगं, त्याला मंदावायला वेळ तरी दे!" दुसऱ्यांदाही मी तेच केलं. "फायर ब्रिगेडमध्ये लागलीस काय?" तो हसायला लागला. "आता हात पदराखाली घे आणि गप बस." मी बसले. बल्ब पेटला आणि हळूहळू मंदावत गेला. व्हॉल्व्हमध्ये नारिंगी उजेड आला, स्पीकर बारीक गुणगुणू लागला. "बघितलंस? एक तार चुकली नाही," म्हणत त्याने गिटार मांडीवर घेतली आणि वाजवू लागला. तो गेल्यापासून मुलगी विचारते, बाबांनी तेव्हा पहिलं काय वाजवलं? मला सांगता येत नाही. मी सारा वेळ त्याच्या बोटांकडेच बघत होते.