विषमुक्त तुरीचं वावर

"तुझ्या साडीला औषधाचा वास येतोय. आधी ती बदल," मॅडम म्हणाली अन् ओढणी नाकाला लावली.

औषध म्हणजे फवारणीचं. सकाळपासून मी विहिरीवरून पाणी आणून ड्रमात ओतत होती. माझा नवरा, सुदाम, पाठीवर पंप घेऊन कपाशीत होता. वास येणारच. तो वास तिच्या सासऱ्यानं, म्हणजे आमच्या मालकानं, वकीलसाहेबांनी, विकत आणला होता.

तिनं माझ्यापुढे एक पिशवी टाकली. आत घेरदार फेटिया म्हणजे घागरा, कांचळी म्हणजे चोळी, आरशांची ओढणी. यवतमाळच्या नाटकाच्या कपड्यांच्या दुकानातून भाड्यानं आणलेलं सगळं.

"तुमचाच पारंपरिक वेश आहे ना? मग लाजायचं काय?"

माझ्या याडीनं हा वेश बोरी अरबच्या बाजारापायी सोडला. याडी म्हणजे आई. बाजारात लोक हसायचे. पोरं मागून फेटियाला खडे मारायची. एक दिवस तिनं तो पेटीत टाकला अन् लुगडं नेसली. मला कधी घालूच दिला नाही. "तू शिक," म्हणायची, "अन् त्यायच्यासारखी दिस." आश्रमशाळेत मी दहावीपर्यंत शिकली. घरातली गोरबोली, आम्हा बंजाऱ्यांची बोली, शाळेच्या दाराबाहेर ठेवायला शिकली. अन् आता तो वेश भाड्यानं आला होता. फोटोपुरता.

कपडे बदलायला गोदामात धाडलं. कांचळी पाठीवर उघडी असते. मी ओढणी घट्ट ओढून बाहेर आली तर फोटोवाला म्हणाला, "ओढणी मागे घे." हातात सूप दिलं, सुपात डाळ. "हस. अजून हस. दात दिसू दे." बांधावर गडी उभे होते. माझा चुलत दीर होता. त्यानं मान खाली घातली.

फोटो झाला. मॅडम म्हणाली, "हे सगळं धुऊन दे. दोनदा घास. तुमच्या अंगाचा वास राहिला तर दुकानदार ओरडतो."

आधी औषधाचा वास होता. आता अंगाचा झाला.

मी धुतले. विहिरीवर बसून, दगडावर आपटून. रडली नाही. इतकंच वाटलं की याडीनं हे पाहिलं नाही ते बरं झालं.

वकीलसाहेबांचं घर यवतमाळला. आजा कचेरीत, बाप कोर्टात, हे स्वतः कोर्टात. वावर मात्र आमच्या तांड्याला लागून. तांड्यातली निम्मी घरं त्याच वावरावर जगायची. मॅडम म्हणजे त्यांची सून, पुण्यात शिकून आलेली. कापूस पडेल भावानं जायचा, बोंडात अळी निघायची, रोज कुठल्या ना कुठल्या गावातून वाईट बातमी यायची, असे ते दिवस. वकीलसाहेबांचं पोट काही कापसावर नव्हतं. पण सूनबाईनं डोकं चालवलं. कापूस जाऊ द्या, त्यातली तूर घ्या. मोठ्या शहरातल्या लोकांना चांगलं खायचं असतं. चांगल्या हातचं खायचं असतं. तिनं पाकीट काढलं. विषमुक्त तूरडाळ. वर माझा फोटो, दात दिसणारा. खाली ओळ, "आमच्या शेतात विषाचा थेंब नाही."

आमच्याकडे तूर वेगळी पेरत नाहीत. कपाशीच्या काही ओळी, मग एक तास, म्हणजे एक ओळ, तुरीचं, पुन्हा कपाशी. कपाशीवर फवारा मारला की तो तुरीवर पडतो. वारा पाकीट वाचत नाही. शेत खरंच विषमुक्त आहे का ते तपासायला माणूस यायचा तेव्हा त्याला नाल्याकडच्या तुकड्यात नेत. तिथं खरंच फवारत नव्हते. एवढासा तुकडा. त्याला चहा, पोहे, खुर्ची. माणूस खूश होऊन जायचा. डाळ मात्र साऱ्या वावराची जायची.

हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी विचारलं असतं तर सांगितलंही असतं. पण तपासायला आलेला माणूस वावराला विचारायचा, मातीला विचारायचा, मालकाला विचारायचा. आम्हाला नाही.

मग ते वर्ष आलं. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली. अळी हटेना. वकीलसाहेब नवीन औषधं आणत. एकात दुसरं मिसळा म्हणत. हातमोजे नाहीत. तोंडाला माझ्या जुन्या साडीचा तुकडा. झाडं उंच, त्यामुळं फवारा वर मारायचा अन् तो तोंडावरच यायचा.

एका दुपारी सुदाम बांधावर येऊन बसला.

"मले दिसून नाई राह्यलं वं," म्हणाला. "सारं धुकट धुकट दिसते."

पाणी दिलं तर ओकला. तोंडाला फेस आला. तांड्यातल्या एकाच्या ऑटोत घालून त्याला यवतमाळला नेलं.

तो वार्ड मी विसरत नाही. साऱ्या खाटांवर फवारणीवाले. काहींचे हात-पाय कापडानं खाटेला बांधलेले, कारण माणूस भ्रमात उठून पळतो. सुदामलाही बांधलं. तो मला ओळखत नव्हता. बांधलेल्या हातानं पंपाचा दांडा हलवल्यासारखं करत होता.

तरुण डॉक्टर होता. त्याचे डोळे झोपेविना लाल. "काय फवारलं? नाव सांगा. डबा आणला का?"

मी तोंड उघडलं तेवढ्यात वकीलसाहेब आले. मला वाटलं, आपला माणूस पाहायला आले. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं होतं. ते सरळ डॉक्टरकडे गेले.

"आमचं शेत सेंद्रिय आहे, डॉक्टर. आमच्याकडे फवारणी होत नाही. हा प्यायला असेल. तांड्यावरचे लोक आहेत, तुम्हाला माहीतच आहे."

प्यायला असेल. दारू की विष, ते त्यांनी सांगितलं नाही. दोन्ही चाललं असतं त्यांना.

"साहेब, यानं पेलं नाई," मी म्हणाली. "यानं फवारलं. तुमच्याच वावरात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. डॉक्टरलाच म्हणाले, "घाबरलीये बिचारी. अडाणी बाई, काय बोलते तिचं तिला कळत नाही."

डॉक्टर दोघांकडे पाहत राहिला. एक पांढरे कपडे घातलेला माणूस. एक फेसानं भिजलेल्या पदराची बाई. मग म्हणाला, "मला नाव कळलं तर नेमका उपचार करता येईल. नाही तर अंदाजानं चाललंय." अन् दुसऱ्या खाटेकडे गेला.

अंदाजानं. माझा माणूस अंदाजानं जगणार होता. का, तर पाकिटावरची एक ओळ खोटी पडू नये म्हणून.

तिथं माझ्या आत काहीतरी तुटलं. भीती होती ती. लहानपणापासून पाठीवर वागवलेली. मालकासमोर मान खाली, शहरातल्या बाईसमोर आवाज खाली. तुटली तेव्हा दुखलं नाही. हलकं वाटलं.

मागून आलेल्या सासूला सुदामपाशी बसवलं अन् दारव्ह्याची एसटी पकडली. बोरीला उतरून वावरात गेली. गोदामाला कुलूप. मी दगड उचलला. शेजारच्या वावरात निंदत असलेली तांड्यातली शांताबाई धावत आली.

"काय करून राह्यली वं तू? वकील हाय तो. कोर्टात वढीन तुले."

"वढू दे. माह्या मानसाचा जीव जाऊन राह्यला, अन् कुलपाले कायले भिऊ?"

ती जागची हलली नाही. मला अडवलंही नाही. कुलूप तुटलं. रिकामे डबे, अर्धे भरलेले डबे, सगळे पोत्यात घातले. एसटीत वास सुटला. कंडक्टरनं मला दारापाशी उभं केलं. लोक तोंड फिरवून बसले. मी पोतं पायात दाबून उभी राहिली.

डॉक्टरच्या टेबलावर मी ते पोतं उपडं केलं. वकीलसाहेब वार्डाच्या दारात कोणाशी फोनवर बोलत होते. डबे पाहून त्यांचा फोन खाली आला.

"ही चोरी आहे," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाली. "चोरी केली. डॉक्टरसाहेब, आता वाचा नावं."

डॉक्टरनं एकेक डबा उचलून वाचला. नर्सला हाक मारली.

सुदाम वाचला. बाजूच्या दोन खाटा रिकाम्या झाल्या, तो वाचला. पण एका डोळ्यानं आजही त्याला धूसर दिसतं. हात थरथरतात. चहाचा कप मी अर्धाच भरते.

माझ्यावर चोरीची तक्रार झाली. डाळ घेणाऱ्या मोठ्या दुकानदारांच्या कानावर हे कुठूनसं गेलं अन् त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. तेव्हा मॅडम तांड्यात आली. पहिल्यांदा. आमच्या ओट्यावर बसली नाही, उभीच राहिली.

"आम्ही तुला चेहरा दिला," म्हणाली. "कुठं कुठं पोचलीस तू, माहीत आहे?"

"चेहरा माहा होता, मॅडम. तुमी फक्त छापला."

"हे बघ. कॅमेऱ्यासमोर एवढंच बोल, डबे शेजारच्या शेतातले होते. तक्रार मागं घेते. तुझ्या नवऱ्याचा दवाखानाही बघते. नाही तर डाळ बंद पडेल. मग तुमचाच तांडा उपाशी मरेल. विचार कर."

ती खोटं बोलत नव्हती. हेच सगळ्यात वाईट. आमची भूकसुद्धा तिच्या बाजूनं साक्षीला उभी होती. बायका दारादारांतून माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्या डोळ्यांत मला दिसत होतं, म्हण बाई हो, म्हणून टाक.

"मी नाई सांगत," मी म्हणाली.

एवढंच. कुठला मोठा शब्द नाही. पण त्या घराच्या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदा नकार दिला होता.

तक्रार तशीच राहिली. डाळ बंद पडली अन् त्या वावरातलं काम तांड्याचं गेलं. बायका टेम्पोत बसून राळेगावकडे सोयाबीन कापायला जाऊ लागल्या. विहिरीवर मी आली की बोलणं थांबायचं. "तुह्यापायी," शांताबाई एकदा म्हणाली, पुढचं गिळलं. मी तिला दोष देत नाही. सत्याची किंमत माझ्या एकटीच्या चुलीनं दिली नव्हती.

सासूच्या नावावर बरड जमिनीचा एक तुकडा आहे. तिथं मी नुसती तूर पेरली. कपाशी नाही. निंबोळ्या वेचल्या, अर्क काढला. तरी फुलावर असताना अळी पडली अन् शेंगा जाऊ लागल्या. शेवटी एकदा औषध मारलं. सुदामला घरी ठेवलं, स्वतः मारलं, तोंड बांधून, वाऱ्याकडे पाठ करून. मग साडी विहिरीवर दोनदा घासली.

तूर निघाल्यावर पुण्याचा एक तरुण आला. नैसर्गिक धान्य विकणारा. भला वाटला. जमिनीवर बसला, भाकर खाल्ली, मला ताई म्हणाला. माझी हकीकत त्याला कुणीतरी सांगितली होती. मी त्याला फवारणीचं सांगितलं.

"एकदाच ना, ताई? मग ते नका सांगू," तो हळूच म्हणाला. "तुमची स्टोरी फार मोठी आहे. दवाखाना, डबे, दादांचे डोळे. लोक वाचून रडतील."

रडतील. अन् डाळ शिजवतील.

मॅडमनं माझं हसू घेतलं होतं. याला माझं रडू पाहिजे होतं. हा गोड बोलत होता, एवढाच फरक.

"एकदा फवारलं, तसं लिवा," मी म्हणाली. "नसन लिवायचं तर पोत्याले हात लावू नका."

तो नमस्कार करून गेला. पोती बोरीच्या बाजारात गेली, साध्या तुरीच्या ढिगात.

शांताबाईनं यंदा तिच्या तुकड्यात नुसती तूर पेरली आहे. माझ्याशी अजून पुरतं बोलत नाही. पण निंबोळ्या कशा भिजवायच्या ते विचारून गेली.

आता कोणी शहरातून तूर मागायला आलं की मी एकच सांगते. सुगीला येऊ नका. तेव्हा सगळं सोन्यासारखं दिसतं. तूर फुलावर येते, अळी पडते, तेव्हा या. वावरात उभे राहा. पाणी आणणाऱ्या बाईला विचारा, तिच्या माणसाला विचारा, अन् ते सांगतील ते जसंच्या तसं लिहा. अजून कोणी आलं नाही.

नाही आलं तरी चालेल. तूर बाजारात पडेल भावानं विकीन. पण माझ्या वावराबद्दल खोटं कोणाला लिहू देणार नाही. मालकाला नाही, भल्या माणसाला नाही, अन् पोटाला चिमटा बसला तरी मलासुद्धा नाही.