साहेबांसाठी स्मोकर

मंदीत नवऱ्याची आखातातल्या बांधकाम कंपनीतली नोकरी गेली. व्हिसा रद्द झाला, आणि दुसरी नोकरी मिळवायला किंवा देश सोडायला तीस दिवस उरले. त्यातले नऊ संपल्यावर त्याने ठरवलं, जुन्या अमेरिकन साहेबांना शुक्रवारी जेवायला बोलवायचं. साहेब आता दुसऱ्या कंपनीत होते, माणसं घेणं त्यांच्या हातात होतं, आणि धुरावर शिजवलेल्या मांसाखेरीज दुसऱ्या विषयावर ते फारसे बोलत नसत.

आमच्या घरात मांस शिजत नसे. नवरा बाहेर खायचा, मी तेही नाही. पण घरातली प्रत्येक वस्तू मीच निवडलेली, त्यामुळे स्मोकर, म्हणजे मांस धुरावर शिजवायची भट्टी, निवडणंही माझ्याकडे आलं.

दोन संध्याकाळी वाचण्यात घालवल्या. यात निखारे एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, आणि मंद गरम धूर तासन्‌तास आत फिरता हवा. विजेवरचा सोपा, पण त्याला धुराचा वास बेताचा. दुकानातले कोळशाचे पातळ पत्र्याचे, वारा सुटला की गार पडणारे. म्हणून रास अल खोरच्या गॅरेजवस्तीत एका पठाण वेल्डरकडे गेलो. त्याने आधी जुनं पिंप दाखवलं. यात पूर्वी काय होतं, मी विचारलं.

"केमिकल था, बहन. धो दिया."

मग जाड लोखंडी पाइपातून केलेला पाहिला. आत टॉर्च ठेवून झाकण लावलं आणि फटीतून उजेड येतो का बघितलं. हवा आत घेणारी आणि धूर सोडणारी, दोन्ही झडपा उघडबंद करून पाहिल्या.

"अगं, मला बघायला आलीस तेव्हा एवढं तपासलं नव्हतंस," नवरा म्हणाला.

"म्हणून आता तपासते."

अल नहदातल्या आमच्या इमारतीत बाल्कनीत आग पेटवायला मनाई होती. नातूरची, म्हणजे वॉचमनची, मनधरणी करून गच्ची मिळवली.

शुक्रवारी सकाळी सातला कोळसा पेटवून मटणाचा खांदा आत ठेवला. एकला जेवण. मला मांस कळत नव्हतं, पण स्वयंपाक कळत होता, आणि तोच नडला. आमटी असो की भात, मी झाकण काढून बघते. इथेही दर दहा मिनिटांनी बघत राहिले, आणि दर खेपेला आतली उष्णता बाहेर गेली. साहेब आले तेव्हा मटण अर्धकच्चं होतं.

अजून तीन तास, साहेबांनी निदान केलं, आणि मला हात लावता येऊ नये म्हणून स्मोकरला खेटून खुर्ची टाकून बसले.

नोकरीचा विषय जेवणानंतर काढायचा, असं आमचं ठरलं होतं. पण तासाभरात लाकूड, मीठ, हवा सगळं बोलून झालं. शेवटी नवऱ्याने उपाशीपोटीच विचारलं, तुमच्याकडे काही होईल का.

साहेबांनी तापमानाच्या काट्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "आमचं ऑफिस बंद झालं. मी उद्या जातोय. मला वाटलं, हे तुला माहीत आहे आणि तू निरोपाचं जेवण ठेवलंयस."

मटण वेळेवर झालं असतं तर ते जेवून, कौतुक करून गेले असते, आणि नवरा उरलेले दिवस त्यांच्या फोनची वाट बघत बसला असता. ते दिवस वाचले. मी त्याला तसं म्हटलंही.

साडेचारला जेवलो. मी वरणभात घेतला. साहेब म्हणाले, चव चांगली आलीय. नवऱ्याने दोन घास खाल्ले.

खाली घरी आल्यावर आमच्या शाळकरी मुलीने विचारलं, "सो आर वी गोइंग ऑर नॉट?" नवरा भांडी आत नेऊ लागला.

"जातोय," मी म्हटलं.

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपल्यावर रविवारी मुलीच्या शाळेत, शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज द्यायला गेले. खिडकीपुढे माझ्याआधी अकरा आया तोच अर्ज घेऊन उभ्या होत्या. कारकुनाने कुणालाच कारण विचारलं नाही.